दिवाळीला लाकडी बाहुलीघर द्यायचंय: नागपूरवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

पोळा झाला की विचारणा सुरू होते, ताई बाहुलीघर कसं करायचं, प्लाय कोणता आणू, किती खर्च येईल, आणि दसरा उलटला की तेच लोक तेच प्रश्न पुन्हा विचारतात, फक्त आता घाई असते. म्हणून सगळं एका जागी लिहून टाकलं. मी काही सुतार नाही, घरातल्या आणि नात्यातल्या पोरांसाठी करत आले, तेव्हा शोकेसमध्ये ठेवायचं नाजूक घर पाहिजे असेल तर हे पान तुमच्या कामाचं नाही. इथे खेळायचं घर आहे, पोरं त्याच्यावर बसणार, त्याला ढकलणार हे धरूनच.

दिवाळीला द्यायचं तर सुरुवात कधी करू?

गणपती बसले की. हसू नका. दसरा ते लक्ष्मीपूजन मोजून वीस दिवस असतात आणि त्यात घराची साफसफाई, फराळ, खरेदी सगळं येतं. कापणं आणि जोडणं एखाद्या शनिवार-रविवारी उरकतं हो, वेळ खातो तो रंग. एक हात मारा, वाळू द्या, घासा, दुसरा हात मारा, परत वाळू द्या, आणि शेवटचा हात झाल्यावरही आठ-दहा दिवस घर उघड्या हवेत ठेवायचं म्हणजे वास जातो आणि रंग कडक होतो, नाहीतर पोरीने बाहुलीचा पलंग भिंतीला टेकवला की तो तिथेच चिकटून बसतो.

आणखी एक, गणपतीत आपल्याकडे पाऊस असतोच, प्लाय ओलसर हवेतला येतो. आणल्या आणल्या कापू नका. आठवडाभर पंख्याच्या खोलीत जमिनीवर आडवा ठेवा, भिंतीला तिरका टेकवून ठेवला तर बाक येतो आणि तो बाक मग शेवटपर्यंत छळतो.

दसऱ्यानंतर जाग आली असेल तर सरळ नाताळ धरा. फक्त डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं, बर्डीत, म्हणजे सीताबर्डीत, मोर्चे आणि बॅरिकेड, त्यामुळे लेस, लाइट, मणी असलं बारीकसारीक आधीच आणून ठेवा.

घर किती मोठं करायचं?

आधी बाहुली मोजा, मग घर ठरवा. बहुतेक लोक उलटं करतात आणि मग बाहुली दारातून वाकून जाते.

बार्बी साडेअकरा इंचाची असते, म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण सहावा हिस्सा. तिच्यासाठी खोली कमीत कमी १४ इंच उंच पाहिजे, दोन मजले केले की घर पोरीच्या छातीपर्यंत येतं आणि फ्लॅटमध्ये ते ठेवायचं कुठे हा वेगळा प्रश्न. बार्बीसाठी एकच मजला करा, रुंद करा, वर गच्ची द्या. बाहुल्या चार-सहा इंचाच्या असतील तर एकास बारा हे माप घ्या, म्हणजे खरा एक फूट तो घरातला एक इंच. हे डोक्यात हिशोब करायला सोपं आहे, सात फुटाचं दार सात इंचाचं, तीन फुटाचा ओटा तीन इंचाचा, झालं. जगभर बाहुलीघरवाले हेच माप जास्त वापरतात. आपल्या दिल्लीचं राष्ट्रपती भवन ज्याने काढलं त्या एडविन लुटियन्सने १९२१ ते १९२४ मध्ये इंग्लंडच्या राणी मेरीसाठी बाहुलीघर केलं, आज विंडसर किल्ल्यात आहे, तेही एकास बाराच. त्यात नळाला पाणी येतं आणि लिफ्ट चालते म्हणे, आपल्याला एवढं नाही करायचं.

आजीची पितळी भातुकली या घरात बसणार नाही हे आधीच सांगते. तिचा बंब ठेवला की सोसायटीची पाण्याची टाकी आणून ठेवल्यासारखा दिसतो. भातुकली बाहेर मांडू द्या.

आता खरी कसोटी. पोरीचा हात खांद्यापासून आत जाऊन मागच्या भिंतीपर्यंत पोचला पाहिजे, आणि हातात बाहुली धरलेली असताना पोचला पाहिजे. म्हणून खोली १२ इंचापेक्षा खोल करू नका आणि समोरची बाजू पूर्ण उघडी ठेवा. पुढे दारं-खिडक्यांची सुंदर भिंत लावून बिजागरीने उघडायची केली तर फोटो भारी येतो, पण चार दिवसांनी ती भिंत उघडीच राहते आणि मग तिच्यावर कोणीतरी पाय देतं.

ताई, सरळ मापं द्या ना.

घ्या. एकास बाराच्या मापात, दोन मजले, चार खोल्या, वर गच्ची. सगळं ९ मिमी प्लायमध्ये, पाठ ४ मिमीची.

दोन बाजू ३०० बाय ५२० मिमी. तीन आडव्या फळ्या ५८२ बाय ३००, एक तळ, एक मधला मजला, एक गच्ची. दोन मधल्या भिंती ३०० बाय २४६. पाठ ६०० बाय ५२०. आडव्या फळ्या दोन बाजूंच्या मध्ये बसतात, म्हणून ६०० तून दोन्हीकडचे ९ मिमी वजा केलेत, हे विसरून ६०० च्या कापून आणल्या की सगळं गणित गडबडतं. खोलीची उंची साधारण २४६ मिमी येते, म्हणजे पावणेदहा इंच. गच्चीच्या कठड्याला ४० मिमीच्या पट्ट्या उरलेल्या प्लायमधून निघतात. ९ मिमीचा अर्धा शीट, म्हणजे चार बाय चार फूट, पुरतो, पाठीचा तुकडा वेगळा. तयार घराचं वजन सहा-सात किलो होतं, दोन हातांनी उचलायचं.

मधल्या भिंती एकावर एक सरळ रेषेत नको, वरची थोडी सरकवा, म्हणजे एक खोली मोठी एक लहान होते आणि मधल्या फळीतून खिळा मारायलाही जागा मिळते.

उतरतं लाल छप्पर काहून नाही? सगळ्या फोटोत तेच असते.

कारण ४५ अंशाचा कट घरी सरळ येत नाही, आणि आपल्या पोरांनी तसं घर पाहिलंय कुठे? गच्ची ओळखीची आहे. तिच्यावर टाकी येते, वाळवण येतं, संक्रांतीला पतंग उडतात. शिवाय गच्ची म्हणजे फुकटची पाचवी खोली, खेळायला सगळ्यात जास्त तीच वापरली जाते.

प्लाय घेऊ, एमडीएफ घेऊ की सागवान?

प्लाय. साधा एमआर ग्रेड (ओलसर हवा सोसणारा) चालतो, घरातच राहणार आहे, मरीनचे (पाण्यात टिकणाऱ्या प्लायचे) जास्तीचे पैसे कशाला. घेताना कडेकडून बघा, मध्ये पोकळी दिसली की नको म्हणा, त्या पोकळीतच नेमका खिळा जातो.

एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, कापायला लोण्यासारखं, रंगही छान बसतो, पण पाणी लागलं की फुगतं आणि फुगलेलं परत बसत नाही. आपल्याकडे एप्रिल ते जून कूलर चालतो, अख्खी खोली ओलसर असते आणि पोरं खेळतात कुठे तर कूलरच्या झोतासमोरच. वर एमडीएफची बारीक धूळ कापताना नाकातोंडात जाते, मास्क लावाच.

सागवान म्हणाल तर आपण सागाच्या मुलखातच राहतो, बल्लारशा-आलापल्लीच्या सागाला देशभर सीपी टीक (जुन्या मध्य प्रांताचा साग) म्हणून भाव आहे, पण अख्खं बाहुलीघर सागाचं करणं म्हणजे उधळपट्टी. फर्निचरवाल्याकडे सागाच्या पट्ट्यांचे तुकडे पडलेले असतात, ते मागा. खिडकीच्या चौकटी, उंबरठा, पलंगाचे पाय त्यातून होतात आणि नुसतं पॉलिश मारलं तरी दिसायला सुंदर.

संत्र्याच्या लाकडी पेटीबद्दल पण विचारतात. मिळाली तर फळ्या वापरा, पण भिंतींना नाही, फर्निचरला. लाकूड हलकं असतं, कापायला सोपं, पण खरखरीत, कुसळं जातात बोटात, आणि खिळे एकूण एक काढून झाल्यावरही करवत लावायच्या आधी एकदा चुंबक फिरवा.

नागपुरात कापून कुठे मिळेल?

लकडगंज. लाकडाच्या वखारी आणि प्लायची दुकानं तिकडेच, आणि मशीनवर कापून देणारेही तिथेच भेटतात. मापं मिमीमध्ये मोठ्या अक्षरात कागदावर लिहून न्या, तोंडी सांगू नका. सकाळी जा, संध्याकाळी गर्दीत तुमचे छोटे तुकडे कोणी नीट कापत नाही. एकसारख्या मापाचे तुकडे एकाच सेटिंगवर कापून द्या असं आवर्जून सांगा, तिन्ही आडव्या फळ्यांत एक मिमीचा फरक पडला तरी घर डुलतं. अर्धा शीट देत नसतील तर कटपीस, म्हणजे उरलेले तुकडे, विचारा. बिजागऱ्या, बारीक खिळे, लेस, मणी हे सगळं इतवारीत.

तान्ह्या पोळ्याचा, पोरांचा लाकडी नंदी ज्या वाढयाने (सुताराने) केला त्यालाच सांगू का?

सांगा की. लहान लाकूडकामाचा हात ज्याला आहे तो मोठ्या फर्निचरवाल्यापेक्षा कधीही बरा, वॉर्डरोबवाला माणूस याला अडीच इंचाचे खिळे मारतो. पण पोळ्यानंतर लगेच गाठा, नवरात्र जवळ आलं की सगळे वाढई लोकांच्या दिवाळीच्या कामात अडकतात आणि उद्या येतो, उद्या येतो सुरू होतं. त्याच्याकडून फक्त कापणं, खिडक्या काढणं आणि कोरडी जोडणी करून घ्या. पक्कं जोडू देऊ नका, कारण पुढच्या प्रश्नात.

आधी जोडायचं की आधी रंगवायचं?

आतून आधी रंग, मग जोडणी, मग बाहेरून रंग. पूर्ण पानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

जोडलेल्या घरात दहा इंचाच्या खोलीत ब्रश घेऊन हात वाकडा करून कोपरे रंगवणं, छताला वर बघून पॉलिश पेपर (लाकूड घासायचा खरखरीत कागद) घासणं, कोपऱ्यात ओघळ सुकलेले, हे सगळं टाळता येतं. फळ्या सुट्या असताना टेबलावर आडव्या ठेवून रंगवल्या की अर्ध्या तासाचं काम आहे आणि फिनिश आरशासारखी येते.

क्रम असा. सगळं कोरडं जोडून बघा, कागदी टेपने धरून ठेवलं तरी चालतं. जिथे फळीला फळी लागते तिथे पेन्सिलने दोन्हीकडून रेघ मारा. सुटं करा. आता त्या दोन रेघांमधली ९ मिमीची पट्टी कागदी टेपने झाकायची, कारण फेविकॉल लाकडात मुरतो तेव्हा धरतो, रंगावर लावलेला फेविकॉल फक्त रंगाला धरतो आणि रंगासकट निघून येतो. टेप लावली, खिडक्या कापल्या, १२० नंबरचा पॉलिश पेपर मारला, मग १८०, मग प्रायमर, प्रायमर वाळल्यावर ३२० चा हलका हात, कारण प्रायमरने लाकडाचे रोम उभे राहतात आणि बोट फिरवलं की खरखर लागते. मग रंगाचे दोन हात. रंग थोडा ओलसर असतानाच टेप काढा, पूर्ण वाळल्यावर ओढली तर कड फाटते. खाली स्वच्छ कोऱ्या लाकडाची पट्टी दिसेल, फेविकॉल तिथे.

जोडताना बिनडोक्याचे पाऊण इंची खिळे, आणि मारायच्या आधी गिरमिटाने किंवा ड्रिलने बारीक भोक, नाहीतर प्लायच्या कडा फुटतात. गुण्या लावून काटकोन बघा आणि दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत. मग पाठ ठोका, पाठ बसली की घर हलत नाही. रात्रभर शिकंज्यात (आवळून धरणाऱ्या क्लॅम्पमध्ये) राहू द्या, शिकंजा नसेल तर जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा, मस्त धरतात. बाहेरून खिळ्यांवर लांबी (पुट्टी) भरा, घासा, मग बाहेरचा रंग.

कोणता रंग सुरक्षित? आमचं छोटं तोंडात घालतं.

पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक इनॅमल घ्या. लवकर वाळतो, वास कमी, ब्रश नळाखाली धुता येतो. ऑइल पेंटचा चकाकीदार हात सुंदर दिसतो हे खरं, पण दोन हातांत दिवसभर थांबावं लागतं आणि वास कितीतरी दिवस जात नाही. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) आहे, नोव्हेंबर २०१७ पासून लागू, त्यामुळे डब्यावर तसं लिहिलेलं बघून घ्या आणि माळ्यावरचा बाबांच्या काळातला अर्धा डबा अजिबात वापरू नका, फेकवत नसेल तर निदान खेळण्याला नको.

लाकडाचा रंगच ठेवायचा असेल तर चपडा लाख स्पिरीटमध्ये विरघळवून केलेलं पॉलिश उत्तम, स्पिरीट उडून गेलं की मागे फक्त लाख राहते. फक्त ओला ग्लास ठेवला की पांढरा गोल उमटतो.

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर रंगापेक्षा छोट्या वस्तूंची काळजी करा. ३२ मिमी व्यासाच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते ती घशात जाऊ शकते. बाहुलीघरातल्या कपबशा, उश्या, कुंड्या, सगळंच मावतं. एवढ्या लहानग्याला नुसतं घर द्या, सामान नंतर.

प्लायच्या कडा घाण दिसतात, काय करू?

फेविकॉलमध्ये बारीक भुसा कालवून चोळा, वाळल्यावर घासा, रंग मारा. पण ज्या कडेला पॉलिश करायचं तिथे हे करू नका, गोंद पॉलिश पीत नाही, पांढुरके डाग राहतात. तिथे सागाची पातळ पट्टी चिकटवा.

जिना पाहिजेच म्हणते पोरगी.

हिशोब ऐका. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत २५५ मिमी. खऱ्यासारखी पायरी १५ मिमी उंच धरली तर सतरा उठाव, आणि पाऊल २० मिमी धरलं तर जिन्याची लांबी ३२० मिमी. खोली आहे ३०० मिमी खोल. म्हणजे सरळ जिना बसतच नाही, वळणाचा केला तर अर्धी खोली तो खातो, वर फळीत मोठं भोक पडतं आणि त्यातून वरच्या मजल्यावरचं सामान खाली. आइस्क्रीमच्या काड्यांची शिडी करा, भोक न पाडता बाजूने गच्चीला टेकवा. पोरं ती सगळीकडे वापरतात.

वॉलपेपर, फरशी वगैरे?

जुन्या लग्नपत्रिका! जाड, सोनेरी, बारीक नक्षीच्या, आणि घरोघरी गठ्ठे पडलेत. फक्त गणपतीचं चित्र आणि नावं असलेला भाग कापून बाजूला ठेवा. भिंतीला फेविकॉल पातळ करून लावला की कागद फुगतो, त्यापेक्षा घट्टच पण अगदी पातळ थर, जुन्या एटीएम कार्डने ओढून.

फरशीला आइस्क्रीमच्या काड्या, दोन्ही गोल टोकं कापून. शंभरचा पुडा एका खोलीला पुरतो. बाकी खोल्यांना हिरवट करड्या कार्डपेपरचे चौकोन लावा, लगेच कोटा फरशी वाटते.

काहीतरी वेगळं, आपल्याकडचं टाकायचं आहे.

कूलर करा ना राजेहो! नागपूरचं घर आणि खिडकीत कूलर नाही असं कुठे असतं का. तीन इंच उंचीचा प्लायचा डबा, तिन्ही बाजूंना जाळीचे चौकोन, आत खऱ्या कूलरच्या जुन्या ताट्यातली वाळ्याची किंवा लाकडी गवताची चिमूटभर कुसळं भरायची, पुढे पुठ्ठ्याच्या पट्ट्या तिरक्या लावून झडप, आणि खाली काड्यांचा स्टँड. बाजूला पाण्याची नळी म्हणून वायरचा तुकडा. वाळ्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले की वासही येतो. याच्यापुढे सोफा, टीव्ही कोणी बघत नाही.

लाइट लावू का?

लावा, पण दिवाळीची २३० व्होल्टची माळ बिलकुल नाही. तांब्याच्या बारीक तारेवरची एलईडी माळ घ्या, तीन पेन्सिल सेलवर चालणारी. पॉवर बँकेला जोडायचा मोह होतो, पण करंट एवढा कमी लागतो की बऱ्याच पॉवर बँका थोड्या वेळात आपोआप बंद पडतात. बटन सेलवाली माळ स्वस्त मिळते, ती घरात आणूच नका. गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजून निघते. सेलचा डबा स्क्रूने बंद होणारा पाहिजे. तारा छताला चिकटवायचं काम जोडणीच्या आधी करा.

मुलगा आहे, त्याला देऊ का?

द्या. पहिल्या दिवशी खाली गॅरेज होईल, तेवढंच.

वाळवी लागेल का?

जमिनीवर भिंतीला लागून ठेवलं तर लागू शकते. खाली रबरी पाय लावा, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. वाळवीचं औषध मात्र खेळण्याला मारायचं नाही, कितीही सौम्य म्हणून सांगितलं तरी.

पुण्याला बहिणीकडे न्यायचंय, कसं नेऊ?

मग फेविकॉल कमी आणि स्क्रू जास्त. पाठ आणि दोन बाजू स्क्रूने, मधल्या भिंती खाचेत नुसत्या सरकवायच्या. सगळं चपटं होऊन जुन्या चादरीत गुंडाळून सीटखाली जातं. प्रत्येक जोडाला आतून एक-एक, दोन-दोन असे आकडे टाका आणि स्क्रूड्रायव्हर सोबतच बांधून द्या, भाऊजींच्या घरी ऐनवेळी सापडत नाही.

चांगलं जमलं तर विकू शकते का?

घरच्याला भेट देणं वेगळं, विकणं वेगळं. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून आधी कारागीर ओळखपत्राची चौकशी करा, ऑर्डर नंतर घ्या. आणि भाव सांगताना प्लाय-रंगाच्या खर्चावर थोडे पैसे लावून सांगू नका, घासण्याचे तास धरा, ते कोणीच धरत नाही.